चार जीबीत न मावलेले दादा

अंकाच्या संपादकांनी फोनवर फर्मावलं, "ताई, संगणक क्षेत्रातली तुमची वाटचाल लिहा." माझी वाटचाल म्हणजे मी दौंडहून शिरूरला आले आणि एका स्टुलावर बसले. अजून बसलेलीच आहे. तेव्हा वाटचाल इथेच संपली. आता माणसांबद्दल लिहिते.

माझं शिरूरच्या जुन्या पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत होते. तिथल्याच एका क्लासमध्ये मी हार्डवेअरचा कोर्स केला. वर्गात मी एकटीच मुलगी, म्हणून सरांनी मला पुढच्या बाकावर बसवलं आणि वर्षभर माझ्याकडे न बघता शिकवलं. लग्न होऊन शिरूरला आले. नवरा कारखान्यात शिफ्टला जातो. दुकानात आलेला माणूस आजही माझ्या खांद्यावरून आत डोकावतो आणि विचारतो, "साहेब न्हाईत का?" पूर्वी मी समजावत बसायचे की दुकान माझंच आहे. आता म्हणते, "साहेब कामावर गेलेत, मशीन ठेवून जा." संध्याकाळी मशीन चालू होतं आणि गिऱ्हाईक साहेबांना नमस्कार सांगून जातं. माझ्या नवऱ्याला मिक्सरचा प्लगसुद्धा बसवता येत नाही, पण तालुक्यात त्याच्या हाताला गुण आहे असं बोललं जातं. तोही आता नम्रपणे मान हलवायला शिकलाय.

आमच्याकडे येणारा माणूस तक्रार सांगत नाही, थेट औषध सांगतो. "मशीन स्लो झालंय. रॅम टाका." का स्लो झालंय ते विचारायची सोय नाही. पाटसकडच्या एका वजनकाट्यावरचं मशीन असंच आलं होतं. उघडलं तर आत उसाचं पाचट, धूळ आणि उंदरानं मायेनं केलेलं घर. मी घर मोडलं, पंखा साफ केला, मशीन पळायला लागलं. मालक नाराज झाले. "रॅम न्हाई टाकली?" म्हणाले. शेवटपर्यंत त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं.

रॅम, म्हणजे मेमरी, काय असते हे मी ओट्यावरून सांगते. घरातल्या फडताळात पीठ, डाळी, मसाले भरपूर असतात. ती हार्डडिस्क. पण स्वैपाक काही फडताळात होत नाही. त्या वेळेला लागेल तेवढं ओट्यावर काढून घ्यावं लागतं. तो ओटा म्हणजे मेमरी. ओटा लहान असला की परात ठेवायला पोळपाट खाली घ्यायचा, पोळपाटासाठी परात खाली घ्यायची, असं चालतं आणि बाई दमते. मशीन तसं दमलं की आपण त्याला हँग झालं म्हणतो. ओटा वाढवला तर काम सुटसुटीत होतं, हे अगदी खरं. पण कुठल्याही घरात कसलाही ओटा बसत नाही. मेमरीच्या पट्ट्यांच्या पिढ्या असतात, दुसरी, तिसरी, चौथी, आता पाचवी. प्रत्येक पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि ती पिढीगणिक जराशी सरकवलेली असते. मुद्दामच, म्हणजे तिसरीच्या जागेत कुणी चौथी घुसवू नये. लॅपटॉपची पट्टी आखूड, ती डेस्कटॉपला चालत नाही. ज्यावर ही पट्टी बसते त्या बोर्डाला किती मेमरी झेपेल याचीही मर्यादा असते. आणि दोन पट्ट्या लावायच्या तर शक्यतो सारख्या घ्याव्यात, कारण एक पळणारी आणि एक रमतगमत चालणारी लावली तर दोघीही रमतगमतच चालतात. म्हणून आधी झाकण उघडायचं, आत काय आहे ते वाचायचं, मग पट्टी विकत घ्यायची. आमचं शास्त्र एवढंच आहे. लोक आधी पट्टी विकत घेतात आणि मग झाकण उघडायला माझ्याकडे येतात.

एक निवृत्त गुरुजी असेच स्वतः आठ जीबी घेऊन आले. पट्टी नेमकी जुळणारी होती, मी बसवली. दुसऱ्या दिवशी गुरुजी भर गर्दीत दुकानात उभे. "आठ दिले होते. मशीन सव्वातीन दाखवतंय. बाकीचे कुठं आहेत?"

चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "गुरुजी, तुमचं विंडोज जुन्या पद्धतीचं आहे. त्याला चारच्या पुढं मोजता येत नाही."

"मोजता येत नाही?" गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवलेलं. "मग शिकवा की त्याला!"

मी विंडोज बदलून दिलं, आठ दिसायला लागले. तेव्हापासून गुरुजी सगळ्यांना सांगतात की त्या बाईंनी कोंडून ठेवलेले पावणेपाच जीबी शेवटी सोडून दिले.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण ज्याच्यामुळे एका गावचं राजकारण फिरलं असं प्रकरण एकच, आणि ते अन्वरभाईंच्या दुकानात घडलं.

अन्वरभाई फ्लेक्स छापतात. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून शिरूरचं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पेठेत एका किराणा दुकानावर आणि एका सायकल मार्टवर त्यांच्या हातची अक्षरं अजून शाबूत आहेत. फ्लेक्स आले, ब्रश गेले, आणि अन्वरभाईंनी कॉम्प्युटर घेतला. पण वडिलांची अक्षरं त्यांनी सोडली नाहीत. जुन्या पाट्यांचे फोटो काढून एकेक अक्षर पडद्यावर पुन्हा आखून घेतलं. त्यांच्या फ्लेक्सवरचं नाव लांबून ओळखू येतं ते त्यामुळे. बाकी त्यांचा नियम साधा. सगळ्या पुढाऱ्यांचे फ्लेक्स छापायचे, कुणाबद्दल बोलायचं नाही.

त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, जरा येता का? पुन्हा लटकलंय."

गेले तर दुकानात अन्वरभाईंच्या शेजारी नाना बसले होते. नाना म्हणजे दादांची सावली. आणि दादा म्हणजे घोड नदीकाठच्या एका गावचे पुढारी. गावाचं नाव लिहीत नाही, मला तिथं अजून दुरुस्तीला जावं लागतं. शेतकऱ्यांना पीककर्ज आणि खत देणारी गावची सोसायटी वर्षानुवर्षं दादांच्या ताब्यात होती. दादा बोलायचे, नाना हूं म्हणायचे. दादांची पिशवी, दादांचा फोन, दादांच्या गळ्यातून उतरवलेले हार, सगळं नानांच्या हातात असायचं. दुसऱ्या दिवशी दादांचा वाढदिवस होता आणि वेशीजवळ भला मोठा फ्लेक्स लागायचा होता.

पडद्यावर दादा कपाळापासून नाकापर्यंत उमटले होते आणि तिथंच थांबले होते.

"बगा ताई," नाना म्हणाले, "दादा नाकापातुर आलं आन् अडाकलं."

"सकाळपासून चौथ्यांदा," अन्वरभाई म्हणाले. "सेव्ह करायला गेलं की मरतंय."

मी बघितलं. दादांचा फोटो पुण्याच्या एका फोटोग्राफरनं काढलेला, इतका जड की त्यातले मिशीचे केस मोजून घेता आले असते. त्यांच्या खाली शुभेच्छुकांचे साठ-पासष्ट चेहरे. अन्वरभाईंचं मशीन जुनं, मेमरी चार जीबी. दादांचा एकट्याचा फोटो बाकी सगळ्यांना मिळून लागेल एवढी जागा खात होता.

मी म्हटलं, "हा फोटो जरा हलका करू. फ्लेक्स लोक लांबून बघतात, फरक कळणार नाही."

नानांनी हात जोडले. "त्याला हात लावू नका, ताई. दादांनी सोता सांगितलंय, फोटू वरिजिनलच पायजे. मागल्या साली गाल फाटल्यावानी दिसत हुता. आठ दिवस माज्याशी बोललं न्हाईत."

"मग बाकीचे हलके करू."

"केले होते," अन्वरभाई शांतपणे म्हणाले. "यांनी पुन्हा जड करायला लावले."

"धुरकट दिसाया लागले वो!" नाना म्हणाले. "मानूस फ्लेक्सवर दादाला न्हाई बघत, सोताचं तोंड हुडकतो. ते धुरकट आसंल तर उद्या कोन वळख दील?"

"मग माणसं थोडी कमी करा."

नाना माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "एक तोंड काढलं की एक भावकी जाती, ताई."

दादा हलके होणार नव्हते, माणसं कमी होणार नव्हती, तेव्हा मशीननंच समजून घ्यायचं असं ठरलं. मी झाकण उघडलं. बोर्डावर पट्टीच्या दोन जागा. एकीत तिसऱ्या पिढीची चार जीबीची पट्टी, दुसरी मोकळी. गुरुजींच्या प्रकरणापासून मी विंडोज आधी बघते, तेही ठीक होतं. म्हणजे तसलीच आणखी एक पट्टी टाकली की काम झालं. अडचण एवढीच की ही पिढी जुनी झाली. शिरूरमध्ये त्या दिवशी कुणाकडे नव्हती. मी दौंडला धाकट्या भावाला फोन लावला. त्याच्याकडे एका बंद पडलेल्या क्लासची मशीनं पडून होती. तो म्हणाला, "हाय. जोडीला जोड हाय. वडापच्या ड्रायव्हरकडं देतो." वडाप म्हणजे आमच्याकडची प्रवासी जीप. ती वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते.

एवढ्यात दादांचा पुतण्या विकी आला. विकीच्या हातात चारचाकीची किल्ली कायम फिरत असते. "वडापची कशाला वाट बघता? मी पुण्याला निघालोच हाय. घिऊन येतो ना."

मी त्याला बजावलं. "तिसऱ्या पिढीची. डेस्कटॉपची. दुकानदाराला हा फोटो दाखवा." त्यानं फोटो काढून घेतला, मान डोलावली आणि गेला.

कोरेगाव भीमाच्या ट्रॅफिकमध्ये तो अडकेल आणि तोवर वडाप येईल असा माझा हिशेब होता. पण दौंडची जीप भरता भरेना, आणि विकी दुपारी हजर. डबा उघडला तर आत दोन पट्ट्या, त्यांना काळे चकचकीत पंख, कडेला रंगीत दिव्यांची रांग.

"ताई, ह्यात लाइट हाय," विकी म्हणाला.

"ही चौथ्या पिढीची आहे."

"म्हंजी पुढचीच ना? भारीच झाली की."

"भारी आहे. पण बसणार नाही." मी मशीनमधली जुनी पट्टी आणि ही नवी शेजारी शेजारी धरून खाच दाखवली. "ही इथं, ही तिथं. जुळत नाही."

"एवढंच? एवढ्याशा खाचंसाठी अडलं व्हय?"

नानांनीही वाकून बघितलं. "एवडुशी तर हाय, ताई."

"नाना, खाच मुद्दाम तशी केलेली असते. आत वीजही वेगळी लागते. दाबून बसवली तर बोर्ड जाईल." मी तीनदा सांगितलं. अन्वरभाईंनी ऐकलं, नानांनी ऐकलं, विकीनं फोनवर बोलत बोलत ऐकलं. मग भावाचा निरोप आला की जीप निघाली आणि आता पोचायला आलीय, म्हणून मी स्टँडवर जाऊन उभी राहिले.

पोचायला आलेली जीप तासाभरानं आली. ड्रायव्हरनं पट्टी शर्टाच्या खिशातून काढून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी तिथंच उघडून बघितली. तीच पिढी, तोच वेग, तेवढीच क्षमता. शोधून सापडलं नसतं असं स्थळ. मी खुशीत परत आले, तर अन्वरभाईंच्या दुकानाबाहेर माणसं उभी होती आणि आतून जळका वास येत होता.

झालं होतं असं. विकीचा एक मित्र बायपासला लेथ मशीन चालवतो. त्याच्याकडून विकीनं पट्टीची खाच कानशीनं घासून रुंद करून आणली. अन्वरभाई नमाजाला गेले होते. विकीनं नानांना बॅटरी धरायला लावली, पट्टी जागेवर ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली आणि बटण सुरू केलं.

"बसली हुती, ताई," विकी म्हणाला. "एकदम फिट बसली हुती."

"लाइट बी चमाकला एकदा," नानांनी साक्ष दिली.

बोर्डावर पट्टीच्या जागेभोवती काळा डाग पडला होता. मी वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. या बोर्डाला आता काही करता येणार नव्हतं.

विकी म्हणाला, "चायना माल असंल," आणि गाडीकडे गेला. त्याला कुणी काही बोललं नाही. तो पुतण्या होता. नानांनी बोर्डालाच दोन शिव्या दिल्या.

अन्वरभाई आले, त्यांनी बघितलं आणि खुर्चीवर बसले. फ्लेक्सचं त्यांनी नावही काढलं नाही. हळूच म्हणाले, "ताई, त्यात अब्बांची अक्षरं होती."

"दुसरीकडं कॉपी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. नानांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्यांच्या हातातली बॅटरी अजून चालूच होती. ती त्यांनी बंद केली.

मी हार्डडिस्क काढून घेतली आणि माझ्या दुकानात आले. अन्वरभाई आणि नाना मागोमाग. दुकानात टेस्टिंगसाठी माझं एक मशीन असतं, अन्वरभाईंच्या मशीनपेक्षाही एक पिढी जुनं. त्याला डिस्क जोडली. काही क्षण नुसता घर्र आवाज.  मग फोल्डर दिसले. अन्वरभाईंनी त्यातला एक उघडायला सांगितला. पडद्यावर एकच अक्षर आलं, 'द'. जाड पोटाचा, शेपटीला किंचित झोक दिलेला. सायकल मार्टच्या पाटीवर आहे तोच.

"है," म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. मी पहिलं काम कुठलं केलं असेल तर त्या फोल्डरच्या दोन कॉप्या. एक त्यांच्याकडे दिली, एक माझ्या कपाटात आहे.

आता फ्लेक्स. दौंडहून आलेली देखणी पट्टी माझ्या हातात होती आणि तिला जागाच नव्हती, कारण माझ्या मशीनची खाच तिसरीकडेच. दुकानात गिऱ्हाइकांची दोन-तीन चांगली मशीनं दुरुस्तीला होती, पण परक्याचं मशीन वापरायला घ्यायचं नाही हा माझा नियम आहे. नाना म्हणाले, "कुनाला कळतंय?" मी म्हटलं, "मला कळतं, नाना."  तेव्हा माझंच जुनं मशीन उचलून अन्वरभाईंच्या प्रिंटरला जोडलं. मेमरी त्यातही तेवढीच, चार जीबी.

तोड अन्वरभाईंनीच काढली. "एका फायलीत मावत नाहीत ना? मग दोन फायली करू. एकीत दादा एकटे. दुसरीत बाकी सगळे. छापून झालं की मधे जोड मारतो. एवढा मोठा फ्लेक्स तसाही मी जोडूनच करतो."

एकटे दादा चार जीबीत व्यवस्थित मावले. बाकीचे पासष्टही मावले. दिवेलागणीला दोन्ही तुकडे छापून वाळत पडले होते.

सकाळी नानांनी मलाही गावात बोलावलं. "ताई, तुमचा बी सत्कार ठिवलाय, नारळ-शाल." वेशीजवळच्या मोकळ्या जागेत अन्वरभाईंनी दादांचा तुकडा पसरला होता. दुसरा अजून गुंडाळलेला होता, जोड मारायच्या तयारीत. तेवढ्यात दादा आले. मागं वीस-पंचवीस माणसं. दादा थांबले. जमिनीवर दादाच दादा होते. मिशीचा केस न् केस दिसत होता. मागं निळं आभाळ, वर अब्बांच्या अक्षरात त्यांचं नाव, आणि खाली कुणीही नाही.

दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे झ्याक झालंय. हे असंच लावा."

नाना म्हणाले, "दादा, ते आर्धं हाय. कार्यकर्ते जोडायचे ऱ्हायलेत."

"जोडू नका. गर्दी हुती."

"मग कार्यकर्ते?"

दादांनी समोर सोसायटीच्या कार्यालयाकडे हात केला. "त्येंचं तिकडं भिंतीवर लावा की. मला समोर दिसत ऱ्हातील."

मागच्या पंचवीस माणसांच्या माना सोसायटीच्या भिंतीकडे वळल्या. 

दोन्ही तुकडे लागले. वेशीवर एकटे दादा. समोर सोसायटीच्या भिंतीवर पासष्ट चेहरे आणि त्यांच्यावर एकच शब्द, 'शुभेच्छुक'. कुणाचे, ते त्या तुकड्यावर नव्हतंच. ते दुसऱ्या तुकड्यावर होतं. आदल्या दिवशी अन्वरभाईंच्या शेजारी ठाण मांडून बसल्यामुळे नानांचा फोटो पहिल्या ओळीत पहिला आणि इतरांपेक्षा अंमळ मोठा होता. दादा शेजारी असते तर तो कुणाच्या डोळ्यांवर आला नसता. आता त्या भिंतीवर सगळ्यात मोठा माणूस नानाच होते.

मी दुपारपर्यंत गावात होते. शाल मिळाली, नारळ संपले होते. तोवर मी बघितलं ते असं, की वेशीवरच्या दादांखाली दोन शेळ्या उभ्या होत्या आणि सोसायटीच्या भिंतीसमोर गाव लोटलं होतं. बायका नवरे शोधत होत्या. एक म्हातारी आपल्या लेकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवून म्हणाली, "गोरा केलाय गं माज्या पोराला." माणसं आपापल्या फोटोखाली उभं राहून फोटो काढून घेत होती. कुणीतरी नानांना म्हणालं, "नाना, पैल्यांदाच तुमचं तोंड नीट बगितलं. न्हाईतर कायम पिशवीमागं आसतंय." सगळे हसले. नानाही हसले, पण मग परत एकदा भिंतीकडे बघून आले.

दादांचा फ्लेक्स पुढच्या वाऱ्यात फाटला आणि उतरवला गेला. शुभेच्छुकांचा उतरवायला कुणी धजेना. ज्याला काढायला सांगावं त्याचा फोटो त्यावर असायचा. तो तसाच राहिला. सोसायटीत येणारा-जाणारा रोज ते चेहरे बघायचा. चार-सहा महिन्यांत गावाला सवय झाली की सोसायटी म्हणजे हे पासष्ट लोक.

मग निवडणूक लागली. दादांनी नेहमीप्रमाणे घरात बसून उमेदवारांची नावं ठरवली. त्यात विकी होता. नाना नव्हते. नानांनी पिशवी दादांच्या ओसरीवर ठेवली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते अन्वरभाईंच्या दुकानात. मीही तिथं होते, निवडणुकीची कामं वाढली म्हणून अन्वरभाईंच्या नव्या बोर्डाला आणखी मेमरी बसवत होते.

"ती जुनी फाइल हाय का?" नानांनी विचारलं. "दुसरी. आमची."

"आहे," अन्वरभाई म्हणाले.

"तीच छापा. फकस्त 'शुभेच्छुक' काढा."

"त्या जागी काय टाकू?"

नानांनी जरा विचार केला. "परिवर्तन पॅनेल."

अन्वरभाईंनी एक शब्द काढला, एक टाकला आणि छापायला दिलं. दादांचे फ्लेक्सही त्यांनीच छापले. नियम म्हणजे नियम. नानांचं पॅनेल सगळ्या जागांवर निवडून आलं. गुलालाच्या दिवशी नानांच्या मागं पंचवीस माणसं होती आणि एकानं त्यांची पिशवी धरली होती. ते बघून मला फार आशा वाटली असं म्हणणार नाही.

पुढं काही दिवसांनी दादांच्या घरून फोन आला. सुनेचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. गेले. बंगल्यापुढं एरवी चपलांचा ढीग असायचा, त्या दिवशी फरशी मोकळी होती. मशीनला फारसं काही झालेलं नव्हतं. मेमरीच्या पट्टीच्या कडेवर गंज चढला होता. मी ती काढून खोडरबरानं घासली आणि परत बसवली. आमच्या धंद्यातल्या निम्म्या चमत्कारांचं रहस्य खोडरबरात आहे. मशीन सुरू झालं.

दादा समोरच्या खुर्चीवर येऊन बसले होते. मला वाटलं, आता विचारतील की दोन फायलींची आयडिया कुणाची. मी उत्तर तयार ठेवलं होतं. जोडायचंच होतं दादा, तुम्हीच नको म्हणालात. पण त्यांनी ते विचारलंच नाही.

"ताई," ते म्हणाले, "त्या पोरांच्या फोटोत माझा बारका फोटू बसला आसता का?"

"कुठल्या?"

"भिंतीवरच्या. येकदम बारका. त्यांच्याएवढाच."

मी सांगितलं, "बसला असता, दादा. एका चेहऱ्याला किती जागा लागते?"

त्यांनी मान हलवली. "मला कुनी सांगितलंच न्हाई," म्हणाले. मग आतल्या बाजूला बघून त्यांनी चहासाठी हाक मारली. कुणाला मारली ते कळलं नाही. शेवटी सूनच चहा घेऊन आली.

मी निघाले तेव्हा ते मला पोचवायला फाटकापर्यंत आले. एवढ्या वर्षांत त्यांना असं एकटं चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. फाटकाची कडी त्यांनी उजवीकडे ओढली, मग डावीकडे, मग वर. ती खाली दाबून उघडायची होती. त्यांना ते माहीत नव्हतं.